सात दिवसांची उधारी

२३ सप्टेंबर १८९६, बुधवार. मुंबईचा पाऊस अजून पुरता सरलेला नाही. तुम्ही मांडवीत उभे आहात, मस्जिद बंदराच्या अलीकडे, आणि पहिला प्रश्न पाय कुठे ठेवायचा हा आहे. खटाऱ्यांच्या चाकांनी रस्त्याचा चिखल मळून काढलाय, त्यात सांडलेले गहू भिजून फुगलेत. दोन्ही बाजूंना धान्याच्या वखारी, छताला भिडलेल्या गोणींच्या थप्प्या. वखारींच्या डोक्यावर माणसं राहतात, एकेका खोलीत आठ-दहा. खिडकी असलीच तर ती घरगल्लीत उघडते. घरगल्ली म्हणजे दोन चाळींच्या पाठींमधली हातभर वाट. मोऱ्यांचं पाणी, उष्टंखरकटं, संडासांचा मैला, सगळं वरून इथेच उतरतं.

तुम्ही तिकडे वळताच एक हमाल पाठीवरची गोणी न उतरवता सांगतो, “पाव्हनं, तिकडं नगा जाऊ. चार रोज झालं, उंदरं पडाय लागल्यात.”

उंदीर दिवसाढवळ्या बिळातून बाहेर येतात, झोकांड्या खात गोल फिरतात आणि माणसाच्या पायाशीच आडवे होतात. एक पोरगा मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलतो आणि गल्लीत भिरकावतो. तुम्ही सव्वाशे वर्षं पुढून आलात, म्हणून तुम्हाला ओरडावंसं वाटतं: अरे, हात लावू नकोस, गार पडलेल्या उंदरावरच्या पिसवा आता दुसरं ऊबदार अंग शोधतायत! ओरडून काही उपयोग नाही. पिसवेचा या तापाशी संबंध आहे हे इथे कुणी मानणार नाही. जंतू तेवढा सापडलाय, तोही दोनच वर्षांपूर्वी, हाँगकाँगच्या साथीत. अलेक्झांडर येरसँ यांनी तो रोग्यांच्या गाठीतून काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आणि हो, तुमच्या दंडावरची बीसीजीची खूण इथे बिनकामाची आहे. ती क्षयासाठी. या आजारापुरते तुम्ही त्या हमालाइतकेच उघडे आहात.

जिना चढा. कठडा धरू नका, हलतो. वर एका खोलीत डॉ. अकासिओ व्हिएगस रोग्याजवळ बसलेत. वय चाळीस, मूळचे बार्देशातल्या हडफड्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले, दवाखाना याच वस्तीत. रोग्याचे डोळे लाल, जीभ पांढरी, बोलणं जड. परवा संध्याकाळपर्यंत हा गडी गोणी वाहत होता. डॉक्टर धोतराचा काठ सारून जांघेत हलकंसं बोट टेकवतात आणि रोगी ताठ होऊन किंचाळतो. तिथे लिंबाएवढी गाठ आहे. अशा गाठी त्यांनी या वस्तीत आणखीही पाहिल्यात. हा गाठीचा प्लेग आहे, हे ते शहराच्या कारभाऱ्यांना सांगतात. व्यापारी शहराला ही बातमी नको असते. बंदर बंद पडेल, माल अडकेल, म्हणून काही काळ ‘संशयित ताप’, ‘विचित्र ताप’ अशी गोंडस नावं चालू राहतात.

गाठ पाहिलीत. आता तिच्या आत चला. त्यासाठी पाच दिवस मागे यावं लागेल, याच माणसाच्या घोट्यापाशी.

घोट्यावर पिसू बसलीय. तिच्या पोटाचं तोंड जंतूंच्या गोळ्याने चोंदलंय. प्यालेलं रक्त आत उतरत नाही. भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्याला अडकलेलं रक्त जंतूंसकट कातडीत परत ओकते. या घटकेला जंतू उघडेच आहेत. पिसवेचं अंग बाहेरच्या हवेइतकंच गरम असतं, त्यामुळे माणसाच्या ३७ अंशांत लागणारं चिलखत त्यांनी अजून चढवलेलं नाही.

थोड्याच वेळात रक्तातल्या पांढऱ्या पेशी केशवाहिन्यांच्या भिंतींतून अंग चोरून बाहेर पडतात आणि चाव्याच्या जागी गर्दी करतात. सगळ्यांत आधी न्यूट्रोफिल. ते कुणाची ओळखपाळख विचारत नाहीत. परकं दिसलं की गिळायचं, आत नेऊन मारायचं. बहुतेक जंतू इथेच संपतात. रोज आपल्याला काटा टोचतो, खरचटतं, विळीने बोट कापतं, आणि त्यातली बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात. आपल्याला त्यांचा पत्ताही लागत नाही.

इथे मात्र मिटत नाही. मागून आलेल्या मॅक्रोफेज या मोठ्या भक्षक पेशीही जंतू गिळतात, पण त्यांनी गिळलेला प्रत्येक जंतू मरत नाही. काही आतल्या आत तग धरतात. तिथे ऊब आहे. जंतूच्या अंगावर प्रथिनाचा गुळगुळीत थर चढू लागतो. त्याच्या पृष्ठभागावरची जी खूण ओळखून शरीर धोक्याची हाळी देतं, ती खूणच तो बदलतो. शिवाय सुईसारख्या अतिसूक्ष्म नळ्या तयार करतो. पेशी फोडून बाहेर येतो तेव्हा तो आत गेलेला जंतू राहिलेला नसतो. आता जी पेशी गिळायला अंगाशी येईल तिच्यात तो नळी खुपसतो, आपली प्रथिनं सोडतो आणि तिचं गिळणंच बंद पाडतो. हमालाला अजून काही जाणवलेलं नाही. तो कामावर आहे.

पायातून वर जाणारी लसिकावाहिनी जांघेत पोचते. तिथल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथी म्हणजे शरीराची तालीम. शत्रूचा तुकडा इथे आणून दाखवतात. शरीरातल्या असंख्य बी आणि टी पेशींपैकी फार थोड्यांना तो तुकडा नेमका जुळतो. त्या हुडकायच्या, त्यांची संख्या वाढवायची, मग त्यांतल्या बी पेशींनी प्रतिपिंडं ओतायची. अनोळखी शत्रू असेल तर या सगळ्याला आठवडा लागतो, कधी त्याहून जास्त. एका पेशीच्या दोन व्हायलाच काही तास जातात, आणि इथे लाखोंची फौज हवी. गोवर, कांजिण्या आठवडाभर छळून उतरतात त्या याच हिशेबाने. तोवर शरीर शिकून तयार झालेलं असतं.

प्लेगचा जंतू तालमीतच घुसतो. जिथे पैलवान घडायचे तिथेच तो वाढतो, ग्रंथी सुजवतो, आत रक्तस्राव करवतो, पेशी कुजवतो. डॉक्टरांचं बोट लागल्यावर किंचाळी आली ती या सुजेची. तिथून तो रक्तात उतरतो, आणि मग शरीराची सगळी हत्यारं एकदम, दिशा न ठरवता चालायला लागतात. रक्तदाब कोसळतो, रक्त नको तिथे गोठतं. या हमालाला आणखी दोन-तीन दिवस मिळाले असते तर प्रतिपिंडं उतरली असती. ते मिळत नाहीत. गाठ आलेल्या दहांतले सहा-सात असेच जातात. उरलेल्यांत तालीम कशीबशी टिकते, गाठ पिकते, फुटते. पू वाहू लागला की घरातल्या बाया नवस फेडायच्या तयारीला लागतात. अनुभवी डॉक्टरही तेच लक्षण बघतात.

इथून पुढचे काही महिने भरभर ओलांडा. त्यात पाहण्यासारखं पुष्कळ आहे आणि बरं वाटावं असं थोडंच. गटारांतून समुद्राचं पाणी आणि कार्बॉलिक ॲसिड सोडतात. घरांची कौलं उतरवतात, कपडे-अंथरुणं जाळतात, दारांवर खुणा करतात. रोग्याला दवाखान्यात नेलं की तो परत येत नाही, हे लोक रोज बघतायत. त्यात राणीच्या पुतळ्याला कुणी डांबर फासलं, आणि आता तिला मुंबईकरांची काळजं हवीत म्हणून दवाखान्यात माणसं मारतात, अशी आवई उठते. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणीकामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून जातो. हे अडाणीपण म्हणून हसण्यावारी नेऊ नका. बायकोला झोळीत घालून शिपाई घेऊन गेले आणि चौथ्या दिवशी मेल्याचं कळलं, तर आवई खरी वाटायला फार काही लागत नाही.

लोक पळतायत. फेब्रुवारी १८९७ पर्यंत जवळपास निम्मी मुंबई रिकामी झालीय. तुम्हीही पुण्याची गाडी धरा. वाटेत उतरवून तुमच्या काखा आणि जांघा चाचपतात, बायकांच्यासुद्धा, फलाटावर. पुण्यात मार्चपासून गोरे सोजीर घरांत शिरून झडत्या घेतायत, चुलीपर्यंत, देवघरापर्यंत. त्याच पुण्याबाहेर डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई रोगी आणून पोचवतायत. मुंढव्याच्या गायकवाडांचं पोर त्यांनी पाठीवर आणलं. १० मार्चला त्याच आजाराने त्या गेल्या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी या झडत्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यावर, रँडवर, गोळी झाडली, ते तुम्हाला शाळेपासून पाठ आहे.

या सगळ्या धामधुमीत सरकार घरांशी लढतंय: भिंतींशी, गाद्यांशी, धूर आणि दुर्गंधीशी. त्याला पूर्ण चूक म्हणता येत नाही, त्या घरगल्ल्या कुणीतरी धुवायलाच हव्या होत्या. पण आठवड्याची जी तूट तुम्ही हमालाच्या जांघेत पाहिली, ती चुना फासून भरून निघणारी नव्हती. ती भरायला निघालेला माणूस भायखळ्याला बसलाय.

मागे या, १८९६ च्या ऑक्टोबरात. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आवारात पेटिट प्रयोगशाळा आहे. एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून, तीन शिपाई. त्यांच्यामध्ये ३६ वर्षांचे वाल्देमार हाफकिन. जन्म ओडेसाचा, ज्यू, म्हणून रशियात बढतीची वाट बंद. पांढऱ्या पेशी जंतू गिळतात हे जगाला दाखवणाऱ्या मेच्निकोफचे ते विद्यार्थी. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिरले ते ग्रंथालयातल्या नोकरीवर. कॉलऱ्याची लस त्यांनी तिथेच बनवली, स्वतःला टोचून घेतली, आणि कलकत्त्याच्या वस्त्यांत फिरून लोकांना टोचली.

खोलीभर काचेचे चंबू मांडलेत. आत मांसाचा अर्क आहे, बकऱ्याच्या मांसाचा. गाईचं किंवा डुकराचं वापरलं असतं तर लस कुणी दंडाला लावूनच घेतली नसती. अर्काच्या तोंडावर तुपाचे थेंब तरंगतायत. हे तूप आपलं नेहमीचंच, बाजारातलं. प्लेगचा जंतू त्या थेंबांच्या खालच्या अंगाला धरून वाढतो आणि त्याचे पांढरे तंतू द्रवात खाली लोंबू लागतात. चंबूला कुणी धक्का लावायचा नाही, नाहीतर तंतू तुटून तळाला जातात. काही दिवसांनी हाफकिन स्वतः चंबू हलवतात, तंतू खाली पडतात, तुपाखाली नवे धरतात. असे पाच-सहा आठवडे. दुसऱ्या कुठल्या जंतूची भेसळ झाली असेल तर तंतू असे लोंबत नाहीत, त्यामुळे शुद्धतेची खूणही तिथल्या तिथे मिळते. मग चंबू तासभर साधारण ६५ ते ७० अंशांवर तापवायचा. जंतू मरतात. त्यांची शरीरं मात्र शिल्लक राहतात, आणि तालमीला तेवढंच हवं. वर थोडं कार्बॉलिक, आणि झाली लस. तीन महिन्यांत. साहाय्यकांपैकी एक कामाच्या ताणाने खचला, दोघे सोडून गेले.

१० जानेवारी १८९७, रविवार. हाफकिन १० घन सेंटिमीटर लस स्वतःला टोचून घेतात. पुढे मोठ्या माणसाला देतील त्याच्या तिपटीहून जास्त. ताप चढतो, टोचलेली जागा दुखून येते, आणि दोन-तीन दिवसांत ते पुन्हा चंबूंपाशी. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरतो. तयार झालेल्या कैद्यांना टोचतात, बाकीचे तसेच राहतात. दोघांच्या बराकी त्याच, भाकरी तीच. न टोचलेल्यांत माणसं जास्त आजारी पडली आणि मेली, टोचलेल्यांत लागण थोडी. तुरुंगातल्या माणसाची ‘स्वखुशी’ किती खरी असते हा प्रश्न त्या वेळी फारसा कुणी विचारला नाही. आज विचारला असता, आणि विचारायलाच हवा.

आता तुमची पाळी. १८९७ चा शेवट, साथ दुसऱ्या हिवाळ्यात परत आलीय. विशीतले आगाखान चारचौघांसमोर टोचून घेतायत म्हणून खोजा मंडळी रांगेत उभी आहेत. देवी काढणं मुंबईला १८०२ पासून ठाऊक आहे, पण ही सुई मोठी आणि हे औषध नवं. “टोचल्यावर मानूस नपुंसक होतो म्हनं,” मागचा कुजबुजतो. बाही वर करा. सुई जाड आहे, दुखेल.

संध्याकाळी हुडहुडी भरते. दंड टरारतो, काखेत हलकी गाठ जाणवते आणि तुमच्या पोटात गोळा येतो. घाबरू नका, ही तालमीची गाठ. काखेतल्या ग्रंथीत मेलेले जंतू पोचलेत. त्यांच्याजवळ नळी नाही, वाढण्याची ताकद नाही. ते पडून आहेत आणि तुमच्या पेशी त्यांना निवांत चाचपून बघतायत. जुळणारी पेशी सापडते, वाढते. कुणी मधे घाव घालत नाही. आठ-दहा दिवसांनी रक्तात प्रतिपिंडं आहेत, आणि काही पेशी ही ओळख लक्षात ठेवून मागे थांबल्यात. हे दिवस तुम्हाला आगाऊ मिळाले.

दीड महिन्यानंतर मांडवीतल्या त्याच जिन्यावर पिसू तुम्हाला चावते. पहिले काही तास हमालाच्या पायात घडलं तेच घडतं. जंतू गिळले जातात, काही तगतात, बाहेर पडतात. पण या वेळी प्रतिपिंडं त्यांच्या अंगाला चिकटतात आणि भक्षक पेशींना पकड मिळते. जांघेत जे पोचतात त्यांची गाठ तिथे जुन्या ओळखीच्या पेशींशी पडते, आणि त्यांना आठवडा लागत नाही. तुम्हाला एक दिवस कसकस वाटते. कदाचित थोडं जास्तही; ही लस सगळ्यांना वाचवत नाही, आणि तिचा असर काही महिन्यांत ओसरतो. तरी टोचलेल्यांत मरणं पुष्कळ कमी, हे आकड्यांतून पुन्हा पुन्हा दिसत राहिलं.

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात गेली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने मेली. दोष परळच्या माथी आला, हाफकिन नोकरीतून बाजूला झाले. बाटली गावात उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला, हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. पाच वर्षं! ज्या माणसाने तिप्पट मात्रा आधी स्वतःच्या अंगात घातली त्याच्या वाट्याला ही पाच वर्षं आली, याचा राग आजही यावा. परळच्या संस्थेला त्यांचं नाव १९२५ मध्ये दिलं.

पिसवेचं कोडं मधल्या काळात सुटलं. पोल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत उंदरापासून उंदराला पिसवेमार्फत लागण होते हे दाखवलं, आणि काही वर्षं लोकांनी त्यांची टिंगल केली. १९०५ नंतर परळच्या प्लेग आयोगाने चाळींतल्या खोल्यांत गिनीपिगांचे पिंजरे ठेवले. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातला मरायचा, उंच टांगलेला वाचायचा, कारण पिसवेची उडी तिथवर पोचत नाही. इतक्या सोप्या प्रयोगासाठी दहा वर्षं आणि लाखो माणसं गेली. भारतात या साथीने पुढच्या काही दशकांत एक कोटीहून जास्त बळी घेतले.

परळला अजून थोडं थांबा, १९३० च्या दशकापर्यंत. साहिबसिंग सोखी संचालक आहेत. पिंजऱ्यांत दोन शहरांचे उंदीर: मद्रासचे, जिथे प्लेग फारसा कधी पसरलाच नाही, आणि मुंबईचे. दोघांनाही जंतू टोचतात. मद्रासचे पटापट मरतात. मुंबईचे बरेचसे जगतात. त्यांना कुणी लस दिलेली नव्हती. चाळीस वर्षं मांडवीत, परळमध्ये, भुलेश्वरात जे उंदीर पडत गेले ते गेले. ज्यांच्या अंगात जन्मतःच थोडी जास्त तग होती त्यांची पिल्लं उरली, पिल्लांची पिल्लं उरली. उंदीर पडायचे कमी झाले तशा पिसवा माणसाकडे कमी वळल्या, आणि मुंबईतला प्लेग ओसरला. त्यातलं श्रेय लसीला किती, नव्या रुंद रस्त्यांना किती आणि या उंदरांच्या मेलेल्या आज्यापणज्यांना किती, यावर जाणकार अजून वाद घालतात. मला विचाराल तर उंदरांचा वाटा आपण फार कमी धरतो.

शेवटचा थांबा ऑगस्ट १९९४, बीड जिल्हा, मामला गाव. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात लातूर-किल्लारीच्या भूकंपाने मराठवाडा हादरलाय. लोक पडक्या घरांत राहायला धजत नाहीत. मागे राहिलेल्या धान्यावर उंदीर माजले, असं तज्ज्ञ पुढे सांगतील. गावात पिसवा फार झाल्यात. उंदीर पडतायत. म्हाताऱ्या माणसांना त्याचा अर्थ लगेच कळतो. मग जांघेत गाठी आलेले रोगी निघतात. आरोग्य खात्याची माणसं घरोघर कीटकनाशक फवारतात आणि टेट्रासायक्लिनच्या गोळ्या वाटतात. गोळी जंतूची वाढ थांबवते, आणि जांघेतल्या पेशी तेवढ्या अवधीत आपलं काम उरकतात. दुकानदार गिऱ्हाइकाला गोळ्यांचं पाकीट दाखवून विचारतो, जेवणाआधी का जेवणानंतर?